पुढच्या दातांमागचं मेण

राखेचा बुधवार

फादरांनी कपाळाला राख लावली आणि प्रवचनात सांगितलं, चाळीस दिवस रोज प्रार्थनेनंतर पाच ओळी लिहा, पण स्वतःशी खोटं बोलू नका. फादर वयाने माझ्या पुतण्याएवढे, तरी असं सांगतात की नाही म्हणवत नाही. म्हणून ही वही.

उपासाच्या या दिवसांत काय सोडायचं यावर जेवताना चर्चा झाली. मी म्हटलं, चहा सोडतो.

बायको म्हणाली, "चहा नका सोडू. चहा सोडला की तुम्ही आम्हाला खाता. त्यापेक्षा मास्तरांवरचा राग सोडा."

"मला त्यांचा राग नाही."

"मग काय आहे?"

मी पाणी पीत राहिलो. पण वहीत खोटं चालणार नाही, म्हणून लिहितो. मला मास्तरांचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, पोटात दुखतं.

उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये प्रभूच्या दुःखसहनाचं लांब वाचन असतं. तिघे मिळून वाचतात. ख्रिस्ताचे शब्द फादर वाचतात. पेत्र, पिलात, सैनिक, गर्दी हे सगळं एकटा माणूस वाचतो, त्याला आम्ही 'इतर' म्हणतो. आणि सगळी गोष्ट सांगतो तो निवेदक. अकरा वर्षं निवेदक मी होतो. तीन वर्षांपूर्वी नेमका त्याच आठवड्यात माझा घसा बसला. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन नुकतेच इथे राहायला आले होते. जन्मभर भाषा शिकवलेला माणूस, त्यांनी वाचलं. अख्खं चर्च रडलं. माझी बायकोही रडली, माझ्या अकरा वर्षांत तिने रुमाल काढलेला मला आठवत नाही. तेव्हापासून निवेदक ते आणि मी 'इतर'. दोन वर्षं मी उभा राहून ओरडतोय, त्याला क्रुसावर द्या. मनापासून ओरडतो, हेही लिहून ठेवतो.

शनिवार

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांचे वरचे उरलेसुरले दात काढले. तेव्हापासून ते वाचनाला उभे राहत नाहीत आणि रविवारचं वाचन माझ्याकडे आहे. आज फादरांना सहज विचारतो असं दाखवून विचारलं, "यंदा शुक्रवारचं मीच बघू का?"

फादर म्हणाले, "मास्तरांची कवळी होईल की तोवर. तुमच्या हातातलीच कला आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिला आठवडा, शुक्रवार

पापनिवेदन केलं. हेव्याचं सांगितलं. कोणाचा ते सांगितलं नाही, पण फादरांना बहुतेक कळलं, कारण ते जरा थांबले. म्हणाले, "ज्याचा हेवा वाटतो त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा. त्याला जे हवं ते मिळो, एवढंच म्हणा."

आज म्हटली. "प्रभू, मास्तरांना उदंड आयुष्य दे, चांगलं आरोग्य दे आणि दुसऱ्या गावी एखादं छान घर दे." शेवटचं खोडायला हवं.

दुसरा आठवडा, सोमवार

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरतं. तीस वर्षं घरामागच्या खोलीत कवळ्या करतोय. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओततो, मेणात दात बसवतो. माणसं मला दिसत नाहीत, त्यांची तोंडं तेवढी येतात.

आज मास्तरांचं तोंड आलं. पुडक्यावर नाव होतं आणि खाली डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, "हे चर्चमध्ये वाचतात. उच्चार जपा."

साचा सोडवला. पांढरीशुभ्र वरची हिरडी तळहातावर घेऊन उजेडाकडे धरलं. टाळू उंच, छान कमानीचा. आवाज असा का घुमतो ते कळलं. देवाने एकेकाला काय काय देऊन ठेवलंय. मी जिभेने माझा टाळू चाचपून पाहिला, सपाट आहे.

प्रार्थना म्हटली. पटापट म्हटली.

बुधवार

संध्याकाळी चौकात बघतो तर माझी बायको मास्तरांचा हात धरून रस्ता ओलांडत होती. नुसता हात नाही, कोपराला घट्ट धरलेलं. मी समोरच्या फुटपाथवर होतो. मास्तर सरळ माझ्याकडे बघत आले आणि ओळख न दाखवता पुढे गेले. बायकोने मान हलवली तेवढीच.

घरी विचारलं. ती म्हणाली, "संध्याकाळच्या प्रार्थनेला सोडायला गेले होते. वाहनं किती असतात, पडतील."

"अडुसष्ट म्हणजे काही म्हातारा नव्हे. माझे वडील अडुसष्टाव्या वर्षी माळ्यावर चढायचे."

"तुमचे वडील माळ्यावरून पडूनच गेले," ती म्हणाली.

ती मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे वर्तमानपत्र वाचायलाही जाते, असं आज कळलं. भाषेच्या मास्तरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. लाड तरी किती करून घ्यावेत माणसाने.

शनिवार

मेणात दात बसवले. आता मुद्द्याचं लिहितो.

वरच्या पुढच्या दातांच्या मागे, जिथे जीभ टेकते, तिथली जागा किती भरायची यावर माणसाचा 'स' ठरतो. जास्त भरली तर बोबडा होतो. कमी भरली तर शीळ वाजते. उंच टाळूच्या माणसाला तिथे मेणाचा एक थर जास्त द्यावा लागतो, पोस्टकार्डाएवढा जाड. हे पुस्तकात सापडत नाही, तीस वर्षांत हाताला कळतं.

मी स्पिरिटचा दिवा पेटवला, सुरी गरम केली, मेण घेतलं. मग दिवा विझवला. थर दिला नाही.

मी काही बिघडवलं नाही. जास्तीचं काही केलं नाही, एवढंच.

तिसरा आठवडा, मंगळवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. मेणाची कवळी तोंडात घालून पाहिली, बसते झकास, दिसते झकास. "फक्त थोडी शीळ वाजतेय हो. बघता का?"

मी म्हणालो, "नव्या कवळीला असतंच तसं. आठवड्यात जिभेला सवय होते."

"तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर हात धुतले, उगाचच. प्रार्थना झाली नाही. डोकं दुखत होतं.

तिसरा आठवडा, शनिवार

पक्की कवळी करून दिली. पॉलिश इतकं केलं की नखाचं प्रतिबिंब दिसावं. काम म्हणून बघाल तर माझ्या हातून झालेल्या उत्तम पाचांत धरावं, एक गोष्ट सोडून.

चौथा आठवडा, सोमवार

सकाळी सातला दारावर थाप. मास्तर. दारात उभे राहून त्यांनी हात पुढे केला तो चौकटीला लागला, मग आत आले. माझ्या नव्या स्टुलाला अडखळले, सॉरी म्हणाले, स्टुलाला.

"माझ्या तोंडात चिमणी बसवलीस रे," म्हणाले. हसत होते. "क्रूस म्हटलं की उडते."

खाई त्याला खवखवे. म्हटलं, "सवय होईल, मास्तर."

"होईल तेव्हा होईल. मी दुसऱ्याच कामाला आलोय. शुक्रवारचं वाचन मला रोज थोडं वाचून दाखवशील? तू वाचायचं, मी मागून म्हणायचं."

मला आधी वाटलं थट्टा आहे. मग वाटलं, परीक्षा आहे. मला वाचायला लावणार आणि मग स्वतः म्हणून दाखवणार, बघ असं वाचतात. नाही म्हणायला कारण सापडेना. पहिली दोन पानं वाचली. ते डोळे मिटून बसले होते. एका ठिकाणी म्हणाले, "त्या 'तेव्हा'नंतर तू थांबतोस ते छान आहे. मला सुचलं नव्हतं." शिक्षक लोक नापास करायच्या आधी असंच गोड बोलतात.

मग त्यांनी म्हटलं. शब्द न शब्द, पुस्तकाला हातही न लावता. आणि दर 'स'ला शीळ.

चौथा आठवडा, गुरुवार

रोज येतायत. आज पुस्तक मुद्दाम त्यांच्यासमोर उघडून ठेवलं, म्हटलं आता बघू. त्यांनी ते हाताने चाचपलं, मिटलं आणि बाजूला सारलं. इतका कसला तो दिमाख.

बायकोने चहा आणला. ती कप त्यांच्या हातात देते, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती लावून. माझा कप टेबलावर आदळते. मी म्हटलं, "मलाही हातात दे की." ती म्हणाली, "तुम्हाला दिसतोय ना टेबलावर?"

प्रार्थना म्हटली. "त्यांना जे हवं ते मिळो." त्यांना काय हवंय ते मला ठाऊक आहे आणि तेच मलाही हवंय. मग देवाने करायचं काय?

पाचवा आठवडा, बुधवार

निम्म्याहून जास्त पाठ झालंय त्यांचं. आवाज तोच, घुमणारा. पण ख्रिस्ताला बागेत पकडतात तो प्रसंग चालू असताना मध्येच शीळ वाजते आणि ते क्षणभर थांबतात, ओशाळतात. आज एक वाक्य सहा वेळा म्हटलं. सहाही वेळा वाजली. कपाळावर घाम आला होता त्यांच्या.

मला वाटलं होतं की बरं वाटेल. पहिल्या दिवशी वाटलंही. आता ते घरी गेले की मी मशीन चालू करून बसतो, काही घासायचं नसलं तरी. कानात शीळ राहते.

थर द्यायला अर्धा तास लागेल. पण द्यायचा म्हणजे कवळी परत मागायची, आणि मागायची म्हणजे का ते सांगायचं. सवय होईल म्हणून दाताच्या कण्या करून सांगितलंय मी. आता कोणत्या तोंडाने?

झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये मिस्साविधी संपल्यावर मास्तर फादरांशी बोलत होते. मी जवळ गेलो तसे फादर म्हणाले, "यंदाचं निवेदन तुम्ही करा. मास्तर माघार घेतायत."

मास्तर म्हणाले, "लोक प्रभूचं मरण ऐकायला येतात, शीळ ऐकायला नाही. आणि याने मला इतके दिवस वाचून दाखवलंय, मला माहीत आहे ना तो कसा वाचतो. मुळात पुढच्या वर्षीपासून याच्याकडेच द्या म्हणून मी राखेच्या बुधवारीच सांगितलं होतं तुम्हाला. वर्षभर आधी देतोय, एवढंच."

फादर म्हणाले, "हो, सांगितलं होतं."

जिंकलो. हातात झावळी घेऊन घरी आलो. जेवण गेलं नाही.

पवित्र मंगळवार

शेवटी बायकोला विचारलं, "पुढच्या वर्षी ते का नको म्हणत होते?"

ती कपडे घडी करत होती. हातातला सदरा तसाच धरून बसली. मग म्हणाली, "आता सांगते, शप्पथ मोडली तर मोडली. त्यांना दिसत नाही. डोळ्यांच्या नसा सुकतायत, ऑपरेशनचाही उपयोग नाही. उजेड-अंधार कळतो, माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. यंदाचं वाचन शेवटचं म्हणून ते पाठ करत होते."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी घातली होती शप्पथ. म्हणाले, तुझा नवरा माझा हेवा करतो तो मला परवडतो. हेवा माणूस बरोबरीच्याचा करतो. त्याने माझी कीव केली तर मला परवडणार नाही."

म्हणजे मास्तरांना हेव्याचं माहीत होतं. माहीत असून ते रोज माझ्या दारात येत होते, माझ्या आवाजात पाठ करत होते.

चौकात ते माझ्याकडे बघत पुढे गेले. पुस्तक बाजूला सारलं. स्टुलाला सॉरी म्हणाले. मी या वहीत काय काय लिहिलंय ते आज परत वाचलं. मी दिमाख लिहिलाय.

बायकोला थराचं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? ज्याच्या तोंडात आहे त्याला सांगा."

पवित्र बुधवार

गेलो नाही. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

पवित्र गुरुवार

सकाळी त्यांच्या घरी गेलो. "कोण?" म्हणाले. आता कळतं ते 'कोण' कशासाठी असतं. म्हटलं, "मी. कवळी द्या आणि माझ्याबरोबर खोलीवर चला. शीळ काढतो."

हात धरून आणलं. स्टुलावर बसवलं. कवळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि रुमालाने तोंड झाकून बसले. दात नसले की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, हे मला कोणी सांगायला नको, पण असा दातांविना समोर बसलेला माणूस मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

मी टाळूची बाजू खरवडायला घेतली आणि पाठ फिरवूनच बोललो. सगळं सांगितलं. दिवा विझवला ते. डॉक्टरीणबाईंना फोनवर खोटं सांगितलं ते. चिमणी म्हणालात तेव्हा कारण माहीत होतं ते. "सवयीने जाणारी शीळ नव्हती, मास्तर. मी ठेवली होती."

त्यांनी रुमाल तोंडावर तसाच धरला. दात नसताना बोलायला त्यांना लाज वाटत असेल, किंवा बोलायचं नसेल. मी पावडर कालवली, थर दिला, कडक व्हायला ठेवला. पंधरा मिनिटं लागली. मग घासलं, पॉलिश केलं, कोमट पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी रुमालाआड कवळी बसवली. जीभ फिरवली.

"क्रूस," म्हणाले. स्वच्छ.

"सैनिक. सुळावर. सहस्र." सगळं स्वच्छ.

मग म्हणाले, "तीन आठवडे मला वाटत होतं की माझी जीभच म्हातारी झाली. डोळे गेले, आता आवाजही जातोय, असं धरून मी झोपायला जात होतो. कळतंय का तुला काय केलंस ते?"

मी हो म्हटलं.

"माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. तोंडदेखलं म्हणता येईल, पण मला तशी सवय नाही. उद्या मी वाचतो. फादरांना तू सांग, आणि का ते पण तूच सांग. पुस्तक उघडं ठेवून माझ्या शेजारी उभा राहा आणि पानं उलट, म्हणजे लोकांना कळायचं नाही. माफीचं उद्या संध्याकाळी विचार."

फादरांकडे गेलो, सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "प्रार्थना रोज करत होतात?" मी म्हटलं, "एक दिवस सोडला तर, हो." ते म्हणाले, "मग बघा, मास्तरांना हवं ते मिळतंय."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पुढचं काम पाठवतील की नाही माहीत नाही.

उत्तम शुक्रवार

तीन वाजता चर्च भरलं होतं. वेदी उघडी, वर कापडसुद्धा नाही. वाचनपीठावर मास्तर, त्यांच्या डाव्या हाताला मी. 'इतर' मीच वाचत होतो आणि पानंही मीच उलटत होतो. ते पानाकडे मान खाली घालून बोलत होते. पहिल्या ओळीपासून लोक हलायचे थांबले.

मी इतक्या जवळून त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आता खरं लिहितो, ते माझ्यापेक्षा चांगलं वाचतात. आणि हेही खरं की ते कळल्यावरही माझ्या पोटात दुखलंच. आंधळ्या माणसाचा हेवा करणारा मी एकटाच असेन. 'तेव्हा'नंतर ते थांबले, माझ्यासारखे. ते थांबणं माझं होतं आणि ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग सैनिक वस्त्रं वाटून घेतात त्या ठिकाणी ते थांबले. तिथे थांबायचं नसतं. पुढचे दोन शब्द मला माहीत होते, ओठांवर होते. मी गप्प राहिलो. पहिल्या श्वासाला वाटलं, आठवेल त्यांना. दुसऱ्याला वाटलं, इथून मी उचललं तर शेवटाचं निवेदन माझं, आणि कोणी मला दोषही देणार नाही. फादरांनी मान वर केली. तिसऱ्या श्वासाला मला माझीच किळस आली आणि मी ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत सांगितले. ते पुढे गेले, जणू काही झालंच नाही. शेवटापर्यंत अडले नाहीत. चर्च रडलं. माझ्या बायकोने रुमाल काढला आणि या वेळी मीही.

संध्याकाळी लोक गेल्यावर मास्तर बाहेर दरवाज्यापाशी उभे होते. बायको आत मेणबत्त्या विझवत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "मास्तर, मी आहे. संध्याकाळी विचार म्हणाला होतात."

"आधी सांग, मी थांबलो तेव्हा तू किती वेळ घेतलास?"

"तीन श्वास," मी म्हटलं. "सांगू की नको, असं झालं होतं."

"तीनच. मी पाच मोजायचं ठरवलं होतं."

मला कळेना. "म्हणजे तुम्ही विसरला नव्हता?"

"अरे, चाळीस वर्षं पोरांकडून पाठांतर करून घेतलंय. मी विसरतोय होय? पाचला माझा मी पुढे गेलो असतो आणि पुन्हा तुझ्या दारात आलो नसतो. आता प्रभूच्या मरणाच्या मधोमध परीक्षा घेतली म्हणून उद्या मलाच पापनिवेदनाला बसावं लागणार."

"मग माफ केलंत का?"

"हात दे," मास्तर म्हणाले. "पुढे पायऱ्या आहेत."

मी हात दिला आणि एकेक पायरी सांगत त्यांना खाली आणलं.